शांत खोलीतली कानवाली

पंख्याच्या मोटारी बनवणाऱ्या त्या कारखान्यात एक खोली अशी होती, की तिच्यात पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. भिंतींना जाड फोम, दाराच्या कडेला रबराची पट्टी, खिडकीचा पत्ता नाही. मधोमध टेबल, टेबलावर रबराची जाड गादी आणि टेबलामागे एक बाई. ही बाई तिथे अठरा वर्षं बसत होती. पाठीमागे सगळे तिला कानवाली म्हणायचे. समोर मात्र नुसतं बाई, कारण स्वभावाने ती खवट होती, आणि खवट माणसाला तोंडावर टोपणनावाने हाक मारायला छाती लागते.

तिचं काम सांगायला सोपं होतं. मोटार गादीवर ठेवायची, वायरी जोडायच्या, बटण दाबायचं. हातात एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानापुढच्या हाडाला लावायची. मग तीनदा ऐकायचं. एकदा मोटार वेग घेताना, एकदा पूर्ण वेगात आणि एकदा बंद केल्यावर, वेग उतरताना. सगळी मदार त्या तिसऱ्या ऐकण्यावर. वीज तोडली की विजेची गुणगुण जाते, उरतो तो निव्वळ बेअरिंगचा आवाज. "चालू असताना सगळ्याच गुणाच्या असतात," ती म्हणायची, "बंद केली की खरं बोलते." चांगलीवर खडूने बरोबरची खूण, वाईटवर फुली. मोटार कुठल्या लाइनवर बनली त्याची चिठ्ठी बुडाशी चिकटवलेली असायची, म्हणजे ऐकताना ती दिसू नये. हा नियम कंपनीचा नव्हता, तिने स्वतः घालून घेतला होता, आणि त्याचा तिला वाजवीपेक्षा जास्त ताठा होता.

ताठा का नसावा? कारखान्याच्या फाटकाबाहेर या बाईला कुत्रं विचारत नव्हतं. शाळा आठवीत सुटलेली. घरात पडद्याचा रंग ठरायचा तोही नवऱ्याच्या आणि त्याच्या बहिणीच्या बोलण्यातून. पण या खोलीत तिने फुली मारली की मारली. मॅनेजरसाहेबही ती पुसायचे नाहीत. जगात एवढी एकच जागा होती जिथे तिचा शब्द शेवटचा होता. ती जागा गेली तर आपल्याकडे काय उरतं, हा हिशोब तिने कधी केला नव्हता. करायची वेळच आली नव्हती.

वेळ आणली नणंदेने. म्हणजे कानवाली तसं म्हणते. नणंद म्हणेल कानवालीनेच आणली.

ही नणंद नवऱ्याची धाकटी बहीण, पण मान थोरलीचा, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. ती त्याच कारखान्यात दोन नंबरच्या लाइनवर मुकादम होती. तिच्या हाताखाली चौदा बायका. राहायलाही त्याच इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर. ताईने खुर्ची सरकवली की खाली कानवालीला कळायचं. तरी दोघींचं बरं होतं. सकाळी एकाच बसने जायच्या, दुपारी एकाच टेबलावर डबा उघडायच्या. प्रेम नव्हतं, पण चाळीस पायऱ्या रोज सोबत चढणाऱ्या माणसांत जी एक सवय होते, ती होती.

त्या महिन्यात ताईची मुलगी बाळंतपणाला टेकली होती. पहिलं बाळंतपण, आणि मुलगी रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर. ताईने चार दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती, तिकीट काढलं होतं, मुलीला शब्द दिला होता. निघायच्या आदल्या दिवशी दोन नंबरच्या लाइनचा दोनशे बारा मोटारींचा माल शांत खोलीत आला, आणि कानवालीने एकामागून एक फुल्या मारायला सुरुवात केली. उतरत्या वेगात बारीक खरखर. बेअरिंगमध्ये धूळ. माल दोन दिवसांत बाहेर जायचा होता. साहेबांनी लाइनच्या सगळ्या रजा रद्द केल्या.

ताई खोलीच्या दारात आली. आत आली नाही. "वहिनी, नीट ऐकलंत?"

"तीनदा."

"शंभर तरी सोडा. बाकीच्या आम्ही उघडतो. मी उद्याची गाडी पकडते."

"शंभर कुठल्या सोडू? खरखर सगळ्यांत आहे."

"माझी पोर एकटी आहे तिथे."

"मग लाइन स्वच्छ ठेवायची होती," कानवाली म्हणाली.

हे वाक्य ती गिळू शकली असती. खरं होतं म्हणून काय झालं, खरी वाक्यं गिळायचीच असतात पुष्कळदा. मोटारी उघडल्या तेव्हा बेअरिंगमध्ये धूळ निघाली, अगदी तिने सांगितली तशी. त्याच दिवशी ताईची मुलगी बाळंत झाली, सासरच्या एका आत्याचा हात धरून. ताईने नातीला पाहिलं ते सोळाव्या दिवशी.

परत आल्यावर ताईने अबोला धरला.

अबोला हा शब्द फार सोज्वळ आहे. एका माणसाने धरला तर ठीक, पण हा चौदा बायकांनी धरला, आणि मग त्या चौदा जणींच्या मैत्रिणींनी. कानवाली टेबलाशी बसली की टेबल रिकामं व्हायचं. कोणी उठून जायचं नाही, तसं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळ्यांचं जेवण नेमकं तेव्हाच आटपायचं. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची आणि लोक उभे राहायचे. खोलीत मोटारी घेऊन येणारी बाई ट्रॉली दाराशी सोडून वळायची. पूर्वी ती निदान "उकडतंय नाही" एवढं तरी म्हणायची. इमारतीच्या जिन्यात ताई समोरून आली की भिंतीकडे बघत उतरायची, जणू भिंतीवर काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय.

नवरा शाळेच्या ग्रंथालयात कामाला होता आणि आयुष्यभर शांतता राखण्यात गेल्यामुळे त्याला दुसरं काही यायचं नाही. "मी दोघींच्या मध्ये पडणार नाही," तो म्हणायचा, आणि रोज संध्याकाळी वर बहिणीकडे चहाला जायचा.

"मध्ये पडू नका," कानवाली एकदा म्हणाली, "पण मग एका बाजूला तरी पडू नका."

तो पेपर वाचत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात कानात सूर लागला. बारीक, उंच, एकसारखा शीं. डाव्या कानात आधी, मग दोन्हीकडे. पहिल्या दिवशी तिला वाटलं शेजारच्या घरात कुठलं तरी यंत्र चालू राहिलंय. ती उठून तिन्ही खोल्यांत भिंतीला कान लावून आली. दुसऱ्या दिवशी बसमध्येही तो सोबत होता. लोकांत, गोंगाटात तो मागे सरायचा. पण तिचं पोट शांततेवर चालणारं, आणि शांत खोलीचं दार लावलं की तो तिथे आधीच येऊन बसलेला असायचा.

तिने रजेच्या दिवशी लांबच्या भागातला कानाचा डॉक्टर गाठला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं, मग काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवून यंत्राने तपासलं. कागद हातात घेऊन तो खूश झाला. "तुमचं ऐकणं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"मग वाजतं काय?"

"बाहेर काही वाजत नाही. थोडा आवाज बहुतेकांच्या कानात असतोच, मेंदू त्याच्याकडे लक्ष देत नाही. पण माणूस सतत दबावाखाली असला, कोणीतरी आपल्यावर टपलंय असं वाटत राहिलं, की मेंदू पहाऱ्यावर बसतो. मग बारीकसारीक सगळं मोठं ऐकू यायला लागतं. आवाजाने भीती वाढते, भीतीने आवाज. घरी काही झालंय का? कामावर? लोकांशी काही?"

"मी कान दाखवायला आलेय," कानवाली म्हणाली, "घर दाखवायला नाही."

डॉक्टर काही रागावला नाही. झोप घ्या, माणसांत राहा, कोणाशी तरी बोला, असं म्हणाला. कोणाशी बोलायचं तेवढं त्याने सांगितलं नाही. कागदावर त्याने लिहिलं की ऐकण्याची क्षमता उत्तम, कानात आवाज येण्याची तक्रार, मानसिक ताण. तिने तो कागद चार घड्या घालून साड्यांच्या कपाटात, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला. कारखान्यात हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरी कोणी बसली असती. वाजणाऱ्या कानांची बाई मोटारींचे आवाज तपासते, हे लहान मुलालाही पटलं नसतं.

पुढे जे झालं त्याला कारण झाली एक गाठ. मोटारीतून बाहेर येणाऱ्या तीन वायरी बांधून द्यायची पद्धत असते. बाकीच्या लाइनवर गाठ कशीही मारत, दोन नंबरवर मात्र ती डावीकडे वळवून घट्ट बसवत, कारण ताई डावखुरी आणि तिने शिकवलेल्या चौदाही जणींची गाठ तिच्यासारखी. अठरा वर्षं कानवालीच्या बोटांना ही गाठ माहीत होती, पण तिने तिला कधी महत्त्व दिलं नव्हतं. चिठ्ठी बुडाशी लपवण्याचा नियम घालणाऱ्या बाईला हे सुचू नये, की ही गाठ म्हणजे चिठ्ठीच हातात येतेय. इतकी वर्षं त्याने काही बिघडलं नव्हतं, म्हणून सुचलं नाही.

आता बोटांना डावी गाठ लागली की मानेत ताण यायचा, दातावर दात बसायचे आणि कानात सूर चढायचा. हे सगळं मोटार चालू व्हायच्या आत. मग ती बटण दाबायची, तीनदा ऐकायची, आणि उतरत्या वेगात तो बारीक शीं तिला स्पष्ट, लख्ख ऐकू यायचा. फुली. दुसऱ्या लाइनची मोटार यायची, गाठ ढिली असायची, सूर मागे सरायचा. बरोबरची खूण. चार दिवसांत दोन नंबरच्या त्रेसष्ट मोटारींवर फुल्या पडल्या. तिने एकही खोटी मारली नाही. प्रत्येक मोटारीत आवाज तिने ऐकला होता, शपथेवर सांगितलं असतं तिने.

पाचव्या दिवशी सकाळी ती एक मोटार ऐकत बसली होती. वेग घेताना ठीक, पूर्ण वेगात ठीक, उतरताना शीं. खडू उचलला. मूठ अजून हाडाला लागलेली होती, आणि तिची नजर सहज मोटारीच्या मधल्या दांड्याकडे, शाफ्टकडे, गेली.

शाफ्ट थांबला होता.

मोटार बंद होती, वायरी काढलेल्या होत्या, लोखंडाचा तो गोळा मुकाट पडला होता, आणि शीं चालूच होता. तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तरी चालू. तिने उठून डावी गाठ असलेल्या सहा मोटारी ओळीने लावल्या आणि एकही चालू न करता सहाच्या सहा ऐकल्या. सहाही वाजत होत्या. मग ती खुर्चीवर बसली. अठरा वर्षांत तिची एक फुली चुकली नव्हती, आणि आता त्रेसष्ट. तिला रडू आलं नाही. तिला ताईचा भयंकर राग आला, जणू ताईने वरच्या मजल्यावरून येऊन तिच्या कानात हे भरून ठेवलं होतं. एका अर्थी ठेवलंच होतं.

त्याच दुपारी साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये ताई आधीच उभी होती. टेबलावर दोन नंबरच्या उघडलेल्या मोटारींचे भाग मांडले होते. बेअरिंग चकचकीत, धुळीचा कण नाही.

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट उघडल्या," साहेब म्हणाले. "काही नाही निघालं. लाइनवरच्या बायका म्हणतात, तुम्ही दावा साधताय. मला तसं वाटत नाही. पण मग काय आहे ते तुम्हीच सांगा."

इथे तिच्यासमोर दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही तिला दिसत होत्या. कान वाजतात म्हणून सांगायचं, म्हणजे खुर्ची गेली, आणि खुर्चीबरोबर गेल्या अठरा वर्षांच्या सगळ्या खुणाही. लोक म्हणणार, कोण जाणे कधीपासून वाजत होते. किंवा दुसरी वाट. दुष्ट माणसाला शिक्षा होते, पण दुष्ट माणसाचे कान शाबूत असतात.

"मुद्दाम मारल्या," कानवाली म्हणाली.

"काय?" साहेबांनी विचारलं.

"मुद्दाम. त्या तीन महिने माझ्याशी जशा वागल्या त्याचा राग होता. ऐकण्यात काही चूक नाही माझ्या. मोटारी चांगल्या होत्या, मला ऐकू येत होतं चांगल्या आहेत म्हणून. नोटीस द्या, घरी बसवा आठवडाभर. सही करते."

तिला वाटलं होतं ताई पेटेल. तिला ते हवंही होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ताई तिच्याकडे सरळ बघत होती.

"साहेब, खोटं बोलतायत त्या," ताई म्हणाली. आवाज सपाट होता. "असलं मुद्दाम करायची धमक नाही त्यांच्यात. त्यांचे कान वाजतात. डॉक्टरचा कागद आहे घरात. दादाने सांगितलं मला."

कानवालीला पहिल्यांदा आठवलं ते कपाटातलं वर्तमानपत्र. परवा नवऱ्याने ते बदललं होतं. तिने विचारलं होतं, आज कपाट आवरायचं कसं सुचलं. तो म्हणाला होता, सहज.

ताईने हे का सांगितलं, यावर कारखान्यात पुढे पुष्कळ चर्चा झाली. काही म्हणाल्या, शेवटी घरचं माणूस, खोटा आळ अंगावर घेऊ दिला नाही. काही म्हणाल्या, नोटिशीने आठवडा गेला असता, या कागदाने खुर्ची गेली, ताईने बरोबर नेम धरला. कानवालीला यातलं कुठलं खरं ते कळलं नाही. तिने ताईच्या चेहऱ्यावर राग शोधला, जिंकल्याचा आनंद शोधला. तिथे कीव होती, आणि तिने तिथल्या तिथे ठरवलं की ही गोष्ट या जन्मात माफ करायची नाही.

घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "मी काळजीपोटी सांगितलं."

"काळजी कोणाची?" तिने विचारलं. तो वर चहाला गेला.

तिला पॅकिंगमध्ये टाकलं. तिथे खोके, चिकटपट्टी, दोन पट्टे खडखडत चालणारे आणि चौघी जणी ओरडून बोलणाऱ्या. शांत खोलीत साहेबांनी आवाज मोजणारं यंत्र बसवलं. आणि दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टर म्हणाला होता तसं व्हायला लागलं. पहारा उठला होता, राखायचं काही उरलंच नव्हतं. सूर आधी संध्याकाळचा थांबला, मग सकाळचा. एका रविवारी ती स्वयंपाकघरात उभी होती आणि लक्षात आलं, की आपल्याला फक्त नळ ऐकू येतोय. तिने भिंतीला कान लावला. वर ताईची खुर्ची सरकली, मग पातेल्यावर झाकण ठेवलं गेलं. सगळं स्वच्छ, एकेक वेगळं, अठरा वर्षं येत होतं तसं.

सोमवारी ती साहेबांकडे गेली. "थांबलं," ती म्हणाली. "पुन्हा तपासून घ्या हवं तर. डॉक्टरकडून लिहून आणते."

साहेब भला माणूस होता. त्याने तिला बसायला सांगितलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तोंड तिच्या कानाशी आणून सावकाश, मोठ्याने म्हणाला, "तुम्ही, आता, आराम करा."

मग तिच्या लक्षात आलं की सगळेच असं करतायत. पॅकिंगमधल्या चौघी तिच्याशी बोलायच्या आधी खांद्याला हात लावायच्या. फाटकावरचा वॉचमन बोटाने घड्याळ दाखवायचा. कान वाजतात, ही बातमी खात्याखात्यातून फिरता फिरता कान गेले अशी झाली होती, आणि ती दुरुस्त करण्यात कोणालाच रस नव्हता. शत्रूशी बोलणं अवघड, बहिरीशी बोलणं पुण्याचं काम. तीन महिने ज्यांनी तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवली, त्या आता आपणहून येऊन बसायच्या आणि तिच्या तोंडासमोर ओठ फाकवून हवापाणी सांगायच्या. "मला ऐकू येतं," ती म्हणायची. त्या एकमेकींकडे बघून माना डोलवायच्या, म्हातारं माणूस म्हणतं ना, मी पडणार नाही, तेव्हा डोलवतात तशा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ताई आली. डबा घेऊन सरळ तिच्यासमोर बसली. सोबत लाइनवरच्या दोघी होत्या. ताईने फोन काढला, नातीचा फोटो लावला आणि टेबलावरून पुढे सरकवला.

"वहिनी," ती ओरडून म्हणाली. जेवणघरातली निम्मी डोकी वळली. "झालं ते झालं. पोरगी पालथी पडायला लागली बघा."

कानवालीने फोटोकडे पाहिलं नाही. तिने ताईकडेही पाहिलं नाही. किती दिवस तिने या क्षणाची वाट पाहिली होती, की ताईने आपण होऊन बोलावं, आणि आपण तिला उत्तर देऊ नये. चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं देऊ नये. ती डब्यातला घास नीट गोळा करत राहिली, तोंडात घातला, चावला. आता कळेल, तिला वाटलं. आता कळेल कसं वाटतं ते.

ताई सोबतच्या एकीकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाली, "समोरून काहीच ऐकू जात नाही बहुतेक. उठ, तू इकडे ये, मी त्यांच्या उजव्या कानाशी बसते."